दसऱ्याचा खांब

गाझियाबादमधल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या मागच्या अंगणात शिसवाचा एक मल्लखांब आहे. तो उपटायचा की ठेवायचा, हे संक्रांतीनंतरच्या रविवारी वार्षिक सभेत ठरणार होतं. उपटला तर तिथे बॅडमिंटनचं कोर्ट होणार होतं. ठराव मंडळाची सेक्रेटरी तेजश्री हिने मांडला होता, आणि तो वाचल्यावर सर्वांत आधी मलाच वाटलं की बाईचं म्हणणं बरोबर आहे.

खांब मीच बसवला होता. मी मंडळाचा अध्यक्ष. मंडळात दोन गट होते आणि दोघांनाही निरुपद्रवी माणूस हवा होता. सरकारी कचेरीच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला, सभेत शेवटच्या रांगेत बसणारा मी त्यांच्या नजरेस पडलो. 'नको नको' म्हणायला जितका आवाज लागतो तितकाही मला काढता आला नाही, म्हणून मी अध्यक्ष झालो. पहिले काही महिने मी सह्या केल्या आणि हार घालून घेतले. मग गणपतीत मला खंडेराव भेटले.

खंडेराव म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार, मूळचे साताऱ्याकडचे. पलटणीत ते जवानांना मल्लखांब शिकवत. आता नोएडातल्या एका कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षकांची देखरेख करत होते. मांडवाच्या बांबूवर आमच्या मंडळातली पोरं माकडासारखी चढू पाहत होती, आणि हे बाजूला उभे राहून त्यांचे हात-पाय निरखत होते. मी सहज विचारलं तर म्हणाले, "पोरं चांगली आहेत, साहेब. फक्त कुणी वर चढवणारा नाही. खांब द्या, मी रोज येतो. मानधन-बिनधन नको."

मला ते एकदम पटलं. आमच्या मंडळातली मुलं घरातसुद्धा हिंदीत भांडतात. त्यांच्यासाठी मी रविवारी मराठीचा वर्ग चालवून पाहिला होता, त्यात मुलं जांभया देत आणि खरं सांगायचं तर मीही. कानातून जे आत जात नाही ते हातापायांतून जाईल असं मला वाटलं. त्याच दसऱ्याला खांब उभा राहिला. झेंडूची माळ घातली, शस्त्रपूजेबरोबर त्याचीही पूजा झाली, वीसेक मुलांनी ओळीत उभं राहून खांबाला नमस्कार केला. माझ्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात मी सुरू केलेली ही पहिलीच गोष्ट होती.

तो धरून तीन दसरे होऊन गेले होते, आणि दाखवण्यासारखं काहीही झालं नव्हतं.

वीसांतली सात-आठ मुलं उरली होती. दर गणेशोत्सवात कुणीतरी विचारी, यंदा मल्लखांबाचं प्रात्यक्षिक का नाही? खंडेराव उत्तर देत की पकड पक्की झाल्याशिवाय लोकांसमोर मनोरा रचणार नाही, पोरं पडली तर टाळ्या वाजवणारे उचलायला येत नाहीत. मुलांचे आईबाप मग मला गाठत. एकदा पार्किंगमध्ये एकाने विचारलं, "काका, तुमच्या खांबाला पालवी फुटली का?" तेजश्रीचा मुलगा अर्णव पहिल्याच वर्षी वर्ग सोडून क्रिकेटला गेला. तिथे दोन महिन्यांत त्याला कप मिळाला. तो नुसता भाग घेतल्याचा कप होता, पण घरात ठेवायला काहीतरी आलं ना. तेजश्रीने तसं मला तोंडावर सांगितलं, आणि सांगताना ती वाईट नव्हती. ती गुडगावच्या एका कंपनीत माणसांच्या कामाचा हिशेब घेण्याच्याच नोकरीत आहे. जे काम तीन वर्षांत दिसत नाही ते बंद करायचं, हे तिला शिकवावं लागत नाही.

मी काय करत होतो? रोज संध्याकाळी अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत होतो आणि सगळ्यांना धीर धरायला सांगत होतो. पहिल्या वर्षी मी ते मनापासून सांगितलं. दुसऱ्या वर्षी सवयीने. तिसऱ्या वर्षी माझा आवाज मलाच फोनवरच्या रेकॉर्डेड बाईसारखा वाटू लागला. नेतृत्वावरची पुस्तकं मी चिकार वाचली आहेत. सगळ्यांत लिहिलेलं असतं की फळ दिसत नसलं तरी विश्वास सोडू नये. विश्वास बरोबर जागी ठेवला आहे की नाही, हे कसं ओळखायचं ते मात्र कुठे सापडलं नाही. चिकाटी आणि हट्ट आतून अगदी सारखेच वाटतात.

सभेच्या आधीच्या आठवड्यात खंडेराव मला म्हणाले, "खांब गेला तर मीही गावाला जाईन म्हणतो. नुसतं गेट उघडायला-मिटायला दिल्लीत कशाला राहायचं?" ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. त्यामुळे मला जास्त लागलं. हा माणूस माझ्या शब्दावर तीन वर्षं रोज नोएडाच्या ड्यूटीवरून दोन बस बदलून येत होता.

मी घरी येऊन बायकोला, गिरिजाला, सांगितलं की सभेत मी काही बोलणार नाही. ठराव पास होऊ दे, मग मी राजीनामा देतो.

"द्यायचाच असेल तर सभेच्या आधी द्या," गिरिजा म्हणाली. "म्हणजे जेवणाला उशीर नको. तिळाच्या पोळ्या गार होतात."

शुक्रवारी दुपारी तेजश्रीने कार्यकारिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकले. ती सभेत दाखवायला मंडळाच्या कार्यक्रमांचे फोटो जमवत होती. मल्लखांबाचे बरेच होते. खाली तिने लिहिलं होतं, "दिनकरकाका, ओळखा पाहू यातला कुठला फोटो कुठल्या वर्षीचा? मला तर सगळे एकाच दिवशीचे वाटतायत." पुढे हात जोडलेले. पाठोपाठ कुणाकुणाचे हसरे चेहरे आले.

मी फोन उलटा ठेवला. बाल्कनीत ऊन होतं, जानेवारीत इथे जितकं मिळतं तितकं. थोड्या वेळाने मी फोन परत उचलला. याचं कारण शौर्य नव्हे, ग्रंथालयाची खोड. एकाच पुस्तकाच्या तीन आवृत्त्या आल्या आणि कुठल्याच आवृत्तीवर साल नसलं, तर आम्ही त्या शेजारी ठेवून लावतो. आधीची कोणती, नंतरची कोणती. असं न लावलेलं काही समोर राहिलं की मला अस्वस्थ होतं.

मी लावू लागलो. झेंडूच्या माळांचे फोटो दसऱ्याचे, ते सोपे. पहिल्या दसऱ्यापासून वर्गात टिकलेल्या क्षिप्राचे पुढचे दात नाहीत ते पहिल्या वर्षीचे. तिची वेणी खांद्याखाली आली आहे ते या वर्षीचे. मागची इमारत धुरकट हवेत बुडालेली दिसते ते नोव्हेंबरचे. लोकरी टोप्यांचे जानेवारी-फेब्रुवारीचे. चष्मा पुसून मी एकेक फोटो मोठा करून पाहत होतो, आणि पहिल्या वर्षाच्या नोव्हेंबरच्या फोटोशी थांबलो.

क्षिप्रा खांबावर उलटी होती. डोकं खाली, मांड्यांची पकड खांबाला आवळलेली, दोन्ही हात मोकळे पसरलेले. मल्लखांबात या पकडीला अढी म्हणतात, आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं. खंडेराव चांगले हातभर लांब उभे होते. त्यांनी तिला धरलेलं नव्हतं. सात वर्षांची, दात पडलेली पोर पहिल्याच वर्षी, सुरू केल्यापासून महिन्या-सव्वा महिन्यात हे करत होती, आणि मी तिथे खुर्चीवर बसलेलो असूनही ते विसरून गेलो होतो.

मग त्याच वर्षाचा फेब्रुवारीचा फोटो घेतला. तीच क्षिप्रा, स्वेटर, टोपी, आणि खांबाच्या पायथ्याशी नुसती सलामी. नमस्काराच्या पहिल्या पायरीवर परत.

दुसऱ्या वर्षाचा नोव्हेंबर पाहिला. पुन्हा उलटी. फेब्रुवारीत पुन्हा जमिनीवर. तिसऱ्या वर्षीही नोव्हेंबरात उलटी, आणि फेब्रुवारी यायच्या आतच या जानेवारीत पुन्हा जमिनीवर. नुसती क्षिप्राच नव्हे, बाकीचीही. तेजश्री म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं, हे फोटो कुठल्याही वर्षीचे असू शकत होते. पण त्याचा अर्थ ती लावत होती तो नव्हता, आणि मी लावत आलो तोही नव्हता. मी तीन वर्षं समजत होतो की फळ यायला वेळ लागतो आहे. फळाला वेळ लागतच नव्हता. ते भराभर येत होतं आणि गळत होतं. तीनदा आलं, तीनदा गळलं.

का गळत होतं, हे कळायला मग फार डोकं लागलं नाही. आम्ही दसऱ्याला सुरू करत होतो. पंधरा-वीस दिवसांत दिवाळी. मग दिल्लीची हवा बिघडते, शाळासुद्धा बंद होतात, मुलांना बाहेर खेळू नका म्हणून सांगतात. हवा निवळेपर्यंत कडाक्याची थंडी. मल्लखांब उघड्या अंगाने करायचा खेळ. उघड्या हातापायांना तेल लावून पोराला या थंडीत अंगणात कोणती आई सोडेल? ती संपते तोवर वार्षिक परीक्षा. मग उन्हाळा. उन्हाळ्यात मुलं गावाला आणि खंडेरावही गावाला. मग पाऊस, मग गणपती, आणि मग पुन्हा दसरा, पुन्हा नारळ, पुन्हा सलामी. वर्षात खरा सराव होत होता तो तेवढ्या महिन्या-सव्वा महिन्यात.

साताऱ्यात दसऱ्याला सुरुवात करणं अगदी शहाणपणाचं आहे. पाऊस सरलेला असतो, पुढे थंडीचे चार महिने व्यायामाचे. आम्ही खांब आणला तो महाराष्ट्रातलं वर्षही सोबत घेऊन आलो, आणि इथल्या हवेला ते वर्ष ठाऊक नव्हतं. कुणाच्या मनात शंकाही आली नाही. मल्लखांब म्हटल्यावर दसरा, यात विचार करण्यासारखं काय आहे?

मला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी मला भूक लागली. मी गिरिजाला सांगितलं की राजीनाम्याचं राहू दे. ती म्हणाली, बरं, आणि भाकरी थापत राहिली.

संध्याकाळी धुक्यातून मी खंडेरावांकडे गेलो. ते जवळच्याच कॉलनीत दोन खोल्यांत राहतात. त्यांच्या पत्नी, द्वारकाबाई, यांनी चहा ठेवला. मी खंडेरावांना फोटो दाखवले. क्षिप्राचा नोव्हेंबरचा फोटो पाहून त्यांचा चेहरा फुलला. पाय कसे आवळलेत बघा म्हणाले. मग मी पुढचा फोटो दाखवला, मग त्याच्या पुढचा, आणि चाचरत का होईना, माझ्या डोक्यातलं सगळं सांगितलं.

त्यांनी फोन माझ्याकडे परत दिला.

"म्हणजे माझं शिकवणं वाया गेलं."

"शिकवणं वाया गेलं असतं तर ही पोर नोव्हेंबरात उलटी झाली नसती. तुम्ही तीन वेळा एकाच जागी पोचवलंत. आपण सुरुवात चुकीच्या दिवशी करतोय."

"दसऱ्याला नावं ठेवू नका, साहेब." आवाज एकदम कडक झाला. त्यांच्या वस्तादांनी दसऱ्याशिवाय नव्या पोराला खांबाला हात लावू दिला नव्हता, वस्तादांच्या वस्तादांनीही नाही. पलटणीतही त्यांनी तेच पाळलं होतं. हे ते मला सांगत होते आणि मी खुर्चीत आक्रसत होतो. एरवी मी तिथेच माघार घेतली असती. चिडलेल्या माणसासमोर मला नेहमी तोच बरोबर वाटतो. पण फोटो माझ्या हातात होते, आणि फोटोंना माझ्यासारखा घाम फुटत नव्हता.

"तुमच्या तालमीत दसऱ्यानंतर काय असायचं?" मी विचारलं.

"थंडी. व्यायामाचा मोसम."

"आणि इथे?"

स्वयंपाकघरातून द्वारकाबाई म्हणाल्या, "इथल्या थंडीत हे स्वतः आंघोळीला दोन-दोन दिवस घेतात, आणि पोरांना म्हणे उघडं करा."

"तू चहा आण," खंडेराव म्हणाले.

मी म्हणालो, "पाडवा पूर्ण मुहूर्त आहे की नाही?"

"आहे."

"दसऱ्याइतकाच?"

"साडेतीनातला पूर्ण एक. अर्धा तो दिवाळीतला पाडवा." ते थांबले. मी कुठे चाललो आहे हे त्यांना दिसलं. "गुढीपाडव्यापासून म्हणता? पुढे सगळा उन्हाळा. लू चालते इथे."

"पहाटे पाच वाजता चालते?"

"पहाटे पाचला येणार कोण? दिल्लीची पोरं आठ वाजता डोळे उघडतात."

"ते मी काय सांगू? फौजेत तुम्ही होतात."

खंडेराव हसले नाहीत, पण मिशीजवळ काहीतरी हललं. त्यांनी बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली. चैत्र, वैशाख. मे महिन्यात ते गावाला जातात, तिथे आंबा असतो, भावाचं घर असतं, वर्षभर त्याचीच वाट पाहिलेली असते. त्यांचं बोट तिथे अडलं. द्वारकाबाई कप घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या की यंदा दिवाळीत जाऊ, नाहीतरी तेव्हा इथे श्वास घेता येत नाही.

"आणि दसऱ्याला काय करायचं मग?" खंडेरावांनी विचारलं. हा प्रश्न त्यांना सगळ्यांत जास्त खुपत होता हे मला कळलं. "दसऱ्याला खांब मोकळा ठेवायचा?"

"दसऱ्याला पूजा करायचीच. फक्त झेंडूची माळ पोर वर चढून घालेल. आपण खालून नाही."

त्यांनी कप बशीत ठेवला. "पाडव्याला वेळेवर या, साहेब," ते म्हणाले. "साडेचारला तेल लावायला लागतं."

सभेला हॉल भरला होता. तेजश्रीने ठराव मांडला आणि चांगला मांडला. मुलांना खेळ हवा आहे, जागा एकच आहे, तीन वर्षं वाट पाहिली, कुणाचा अपमान करायचा नाही, खंडेरावांच्या निष्ठेबद्दल आदरच आहे. लोक माना डोलावत होते. मग ती म्हणाली, "काका, तुम्हाला काही बोलायचंय?" आणि तिने खाली बसायला सुरुवातही केली, कारण मी बोलणार नाही याची तिला खात्री होती.

मी उभा राहिलो. मी तिला म्हणालो की तुझ्या लॅपटॉपवरचे मल्लखांबाचे फोटो मी सांगतो त्या क्रमाने लाव. तिने लावले. मी भाषण केलं नाही, मला ते येत नाही. मी फक्त सांगत गेलो. हा पहिला नोव्हेंबर, हा पहिला फेब्रुवारी. हा दुसरा नोव्हेंबर. तिसऱ्या नोव्हेंबरपर्यंत मागच्या रांगेतून कुणीतरी "अरे यार" म्हणालं.

तेजश्रीला कळायला सर्वांत कमी वेळ लागला. "म्हणजे प्रॉब्लेम खांबाचा नाहीच. शेड्यूलचा आहे."

"हो."

"आणि तीन वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"फोटो तू टाकलेस म्हणून आलं," मी म्हणालो. लोक हसले. तीही जरा हसली, मग परत सेक्रेटरी झाली. पाडव्यापासून सुरू केलं तरी दसऱ्यानंतर थंडी येणारच, मग पुन्हा गळणार नाही कशावरून? प्रश्न रास्त होता. मी सांगितलं की नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत नवीन काही शिकवायचं नाही, पण हॉलमध्ये दारं लावून रोज जोर-बैठका आणि दोरीवरची पकड चालू ठेवायची, म्हणजे कमावलेलं अंगावर टिकेल.

"हॉल संध्याकाळी भजनाला असतो, काका."

मला ते सुचलंच नव्हतं. मी उभाच राहिलो. दुसऱ्या रांगेत भजनी मंडळाच्या बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये गिरिजा होती. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, शपथेवर सांगतो.

"भजन थंडीचे चार महिने तासभर उशिरा सुरू होईल," गिरिजा म्हणाली. "देवाला कुठली मेट्रो पकडायचीय?"

हशा ओसरल्यावर तेजश्रीने मला थेट विचारलं. "आणि दसऱ्यालाही काही दिसलं नाही तर? पुन्हा धीर धरा म्हणणार?"

"नाही," मी म्हणालो. "ते मी आता कुणालाच सांगणार नाही, कारण धीर धरणं हे काम नव्हे. दर महिन्याला मी सांगेन की मुलं कुठवर चढली, आणि खाली आली असतील तर कशामुळे आली. कारण सापडलं तर दुरुस्त करू. नाही सापडलं तर खांब उपटायला पहिला हात माझा."

तेजश्री विचार करत होती. ती म्हणाली की ठराव ती मागे घेत नाही, दसऱ्यापर्यंत तहकूब करते. हात वर करायला सांगितलं. मी मोजले नाहीत. खंडेराव शेवटच्या रांगेत, माझ्या नेहमीच्या जागी बसले होते आणि त्यांनी दोन्ही हात वर केले होते, ते तेवढं दिसलं.

पाडव्याला पहाटे साडेचारला मी अंगणात पोचलो तेव्हा खंडेरावांनी एरंडेल चोळून खांब काळाभोर केला होता. पाचला बारा मुलं आली, निम्मी डोळे मिटूनच. द्वारकाबाईंनी प्रत्येकाच्या हातावर कडुनिंब-गूळ ठेवला, त्याने डोळे उघडले. एक मुलगा म्हणाला, "आजोबा, ये तो टॉर्चर है." मी म्हणालो, मराठीत सांग. "आजोबा, हे बिल्कुल टॉर्चर आहे," त्याने सांगितलं. मी त्याला शाबासकी दिली.

एप्रिल चांगला गेला. मेच्या मध्यावर शाळांना सुट्ट्या लागायची वेळ आली, आणि घराघरांत गावाला जायच्या बॅगा दिसू लागल्या. पूर्वी हे मी कपाळावर आठ्या घालून पाहिलं असतं. आता मला ओळखीचं काहीतरी दिसत होतं, इथे गळती होणार. मी खंडेरावांना म्हटलं, मुलांना थांबवता येणार नाही, पण सराव गावाला पाठवता येईल. त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं करून हुकूम दिला. जिथे जाल तिथे एक फांदी शोधायची, रोज तिच्यावर लटकायचं, आणि पुराव्याचा व्हिडिओ हवालदारांना. मग ग्रुपवर व्हिडिओ येऊ लागले. नाशिकचं चिंचेचं झाड, लातूरकडच्या कुणाच्या गोठ्याची तुळई. क्षिप्राचा वाईजवळच्या आजोळहून आला, ती आंब्याच्या फांदीवर उलटी आणि खालून एक शेळी तिच्या वेणीला तोंड लावते आहे. क्षिप्रा शेळीला शुद्ध मराठीत शिव्या देत होती. आजोळी शिकलेल्या असणार. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला.

महिनाअखेरचे माझे वृत्तांत मी ठरल्याप्रमाणे सांगत गेलो. ते कुणी फारसं ऐकत नसत. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. ज्याला रोज काहीतरी शोधायचं असतं त्याला वाट पाहायला सवड कुठे असते?

जुलैच्या एका सकाळी मी अंगणात होतो. हवा चिकट होती, वारा पडलेला. तेजश्री चालायला निघाली होती, ती फाटकाशी थांबली आणि आत आली. खांबावर कुणीतरी निम्म्यावर चढून परत घसरलं.

"काय काका, रिझल्ट?"

"अजून नाही," मी म्हणालो. आवाज खाली न आणता म्हणालो. "सहाजणांची अढी पक्की आहे. चौघं तिथवर येतायत. दोघं मागे गेली. एकाला डेंग्यू झाला होता, त्याचं डॉक्टरने बघितलं. दुसऱ्याला कंटाळा आलाय, तो मी बघतोय."

"कंटाळ्याचं काय बघणार?"

"त्याला सगळ्यांच्या पुढे चढायचंय आणि तो सगळ्यांत जड आहे. तर त्याला मनोऱ्यात खाली उभं करायचं ठरलंय. खांद्यावर दोघं पेलणारा. कालपासून तो पावणेपाचला येतो."

तिने त्या मुलाकडे पाहिलं. तो खांबाच्या बुंध्याशी पाय रोवून उभा होता, अजून कुणीही त्याच्या खांद्यावर चढलेलं नव्हतं, तरी छाती पुढे.

"मनोरा? म्हणजे खंडेराव तयार झाले?"

"खाली जाड गादी असेल तर, म्हणाले. ती काल आली. सरकवायची आहे, आम्हा दोघा म्हाताऱ्यांना एका बाजूने उचलवत नाही."

तेजश्रीने मोबाइल खिशात टाकला आणि बाह्या वर केल्या. मी गादीचं एक टोक धरलं, तिने दुसरं. पलीकडून खंडेराव ओरडले की डावीकडे, आणखी डावीकडे, पोरं तिकडे पडतात. आम्ही गादी डावीकडे नेली.